न पाहिलेला हौद

आमच्या विभागाची पाटी चांगली हातभर लांब होती. 'उष्णकटिबंधीय रोग संशोधन विभाग'. रिक्षावाल्याला एवढं सांगेपर्यंत सिग्नल सुटायचा. नाशिकमध्ये सगळे आम्हाला 'तापाचं ऑफिस' म्हणत आणि खरं सांगायचं तर मलाही तेच नाव जास्त आवडायचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे लागले, पुढे विभागप्रमुख झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. मध्ये काय मिळवलं नि काय राहिलं याची यादी इथे देत नाही. ती निरोप समारंभात एकदा वाचून झाली आहे, आणि तेव्हाही निम्मे लोक समोशांच्या ताटाकडे बघत होते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आम्ही औषधं देतो. नाही हो. डास, माश्या, गोचिडी, गढूळ पाणी, ओली माती यांच्यातून माणसाला जे आजार होतात, हिवताप, डेंगी, हत्तीरोग, जंत, ते आले कुठून हे आम्ही शोधतो. आमचं काम म्हणजे बघणं. दिवसभर बघायचं, भिंगातून बघायचं, डबक्यात वाकून बघायचं, आणि दिसेल तेवढंच बोलायचं.

लोकही आम्हाला काय काय दाखवायला आणायचे! काड्यापेटीत गोचीड, औषधाच्या बाटलीत झुरळ, कागदाच्या पुडीत नुसतीच धूळ. एकदा देवळाली कॅम्पातून एका हवालदाराची बायको बस बदलत बदलत आली. हातात लोणच्याची बरणी, बरणीत पाणी आणि पाण्यात काळपट दोऱ्यासारखे तुकडे. "मॅडम, मुलाच्या पोटातून निघालेत," म्हणाली. चेहरा पांढराफटक. मी भिंगाखाली धरले तर केळ्याचे धागे! मुलाला केळं पचलं नव्हतं, बाकी काही नाही. मला वाटलं, बाई सुटकेचा श्वास सोडेल. ती उलट रुसली. "एवढ्या लांबून आणलं, नीट बघा तरी!" मग मी तिलाच भिंगाशी बसवलं. तिने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "केळंच आहे मेलं." त्या दिवशी मला फार आनंद झाला. स्वतः बघून पटलेला माणूस मला पदव्या मिळवलेल्या माणसापेक्षा नेहमीच जवळचा वाटत आला आहे.

आता एवढं सगळं ज्ञान पाजळल्यावर सांगते, की मी एकदा न बघता बोलले. एकदाच, पण ते एका कुटुंबाच्या मुळावर आलं. तीच गोष्ट सांगायला बसले आहे. ती सुरू होते मुंग्यांपासून.

हिवताप आहे का हे बघायचं तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, तो वाळवायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. थेंब जाडसर असेल तर वाळायला वेळ लागतो. मी नवी होते तेव्हा पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही शिबिर घेतलं होतं. लोकांची मनधरणी करकरून रक्त घेतलं, काचा शाळेच्या बाकावर वाळत ठेवल्या आणि नागलीची भाकरी खायला बसलो. परत येऊन बघतो तर काचा लख्ख. आमचे तंत्रज्ञ निंबाभाऊ डोक्याला हात लावून उभे. निंबाभाऊ नामपूरकडचे. ऑफिसात शुद्ध बोलायचा त्यांचा आटोकाट प्रयत्न असे, पण संकट आलं की अहिराणी बाहेर पडायची. "मॅडम, मुंग्यास्नी बठं खाई टाकं!"

मुंग्या रक्त खातात, आणि आवडीने खातात. पुस्तकात कुठेतरी तळटीपेत असलेली ही गोष्ट आम्ही त्या दिवशी शिकलो. पुन्हा दारोदार फिरून बोटं मागायची वेळ आली. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "पहिल्या रगताचा काय केला?" मी म्हटलं, "मुंग्यांनी खाल्लं, बाबा." ते मनापासून हसले. "मंग ताप मुंग्यांना चढला असंल. त्यांनाच तपासा!"

नाशिकला परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते काचा वाळवायच्या टेबलाच्या चारी पायांखाली वाट्या ठेवायचं. आपल्याकडे घरोघरी जाळीच्या कपाटाखाली ठेवतात, तशाच. सुरुवातीला त्यात रॉकेल असे. त्याच्या वासाने आमच्याकडे शिकणाऱ्या मुलामुलींची डोकी दुखायला लागली, म्हणून विभागप्रमुख झाल्यावर मी लेखी सूचना काढली. टेबलाशेजारी भिंतीवर ती माझ्या सहीनिशी डकवलेली असे: 'वाट्यांमध्ये रॉकेलऐवजी स्वच्छ पाणी ठेवावे. पाणी आटू देऊ नये.' निंबाभाऊ शब्दाचे पक्के. रोज सकाळी झारीने चारही वाट्या काठोकाठ भरायचे. गेली कित्येक वर्षं मुंगीची टाप नव्हती टेबलावर चढायची.

डासांबद्दल थोडं सांगायला हवं. डास म्हटलं की लोकांना गटार आठवतं. पण डेंगी आणि चिकनगुनिया पसरवणारा डास मोठा नखरेल. त्याला गटार चालत नाही. त्याला लागतं साठवलेलं, स्थिर, स्वच्छ पाणी. तो दिवसाढवळ्या चावतो, पायांवर पांढरे पट्टे मिरवतो आणि जन्मला त्या जागेपासून फारसा लांब जात नाही. त्यामुळे एखाद्या गल्लीत ताप आला, की डासाचं माहेर त्याच गल्लीत असणार हे नक्की.

हे मी मालेगावात यंत्रमागांच्या खडखडाटात ओरडून ओरडून सांगितलं आहे. तिथे एका मोमीन बाईंनी माझी चांगली हजेरी घेतली होती. घरात पाण्याची पिंपंच पिंपं. मी म्हटलं, "आठवड्यातून एकदा पिंप कोरडं करायचं." त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पानी चार दिन में एक बार आता है, मॅडम. टंकी खाली करूँ तो बच्चों को क्या आपका भाषण पिलाऊँ?" बरोबरच होतं त्यांचं. मग आम्ही दोघींनी मिळून मागावरचं जुनं कापड प्रत्येक पिंपाच्या तोंडाला बांधलं. पुढच्या फेरीला गेले तर अख्ख्या गल्लीतली पिंपं कापड बांधून बसलेली. माझा रुबाब तेव्हा काय विचारता! भाषणाला बोलावलं की हाच किस्सा सांगायचे.

आणि मग चिकनगुनियाचं वर्ष आलं. त्या पावसाळ्यात नाशिकमध्ये माणसं वाकून चालायला लागली. ताप चार दिवसांत उतरायचा, पण सांधे धरायचे ते सोडायचेच नाहीत. ताप आलेली माणसं आमच्याकडे रांग लावायची, कारण हा हिवताप तर नाही ना, हे काच बघितल्याशिवाय कळत नाही. विभागाच्या व्हरांड्यात बाकं टाकलेली. त्यांवर सकाळपासून तापाने फणफणलेली वीस-पंचवीस माणसं बसलेली असायची. त्यांच्या समोरच काचा वाळवायचं टेबल.

श्रावणात आमच्याच गल्लीत रुग्ण निघायला लागले. आधी निंबाभाऊ पडले. मग माझ्या दोन विद्यार्थिनी. मग भिंतीपलीकडच्या नर्सरीतली कल्पना.

ही नर्सरी पुंजाबाभाऊंची. साठीचा, कमी बोलणारा माळी माणूस. मालकाची जागा भाड्याने घेऊन तीसेक वर्षं त्यांनी तिथे शेवंती, झेंडू, मोगऱ्याची रोपं केली होती. कल्पना त्यांची सून. मुलगा बाहेरगावी टेंपो चालवायचा, त्यामुळे सगळा धंदा तिच्या हातात. गजरे तर असे झरझर ओवायची, की बघत राहावं. आमच्याकडच्या मुली येता-जाता तिच्याकडून गजरा घ्यायच्या. तिची बोटं सुजली आणि गजरे बंद झाले.

गल्लीतला डास शोधायला मी मुलामुलींना घरोघर पाठवलं. टाक्या, कूलर, कुंड्या, टायर, सगळं तपासलं. हाती फारसं काही लागलं नाही. तक्त्यात एकाच जागेपुढे 'पाहणी झाली नाही' असं लिहून आलं होतं. ती नर्सरी. मुलं गेली त्या दिवशी कल्पनाला दवाखान्यात ठेवलं होतं आणि फाटकाला कुलूप होतं. भिंतीवरून त्यांना दोन मोठे सिमेंटचे हौद तेवढे दिसले.

मी तो तक्ता हातात घेतला. हौद, साठवलेलं पाणी, घरातच रुग्ण. मला अगदी लख्ख दिसलं, म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या दिसलं. मी पत्र लिहिलं, की सदर नर्सरीतील हौद हेच तापाचे संभाव्य उगमस्थान असून तातडीने उपाय व्हावेत. 'संभाव्य' शब्द घातला तो केवळ सवयीने. पत्र फवारणी करणाऱ्या खात्याला गेलं आणि प्रत जागेच्या मालकांना. नर्सरीचं फाटक आमच्या फाटकापासून शंभर पावलांवर होतं. मी ती शंभर पावलं चालले नाही.

तज्ज्ञाचं पत्र म्हटल्यावर कोण उलट विचारणार? दोन दिवसांत माणसं आली आणि दोन्ही हौदांत जळकं ऑइल ओतून गेली. डासाच्या अळ्या पाण्याच्या वर येऊन श्वास घेतात, त्यामुळे ऑइलची साय धरली की त्या गुदमरतात. उपाय म्हणून ठीक आहे. पण त्या पाण्यावर शेवंतीची आणि झेंडूची रोपं होती, पुंजाबाभाऊंनी नवरात्र-दसऱ्यासाठी तयार केलेली. ते पाणी रोपांना घालता येईना. उरलीसुरली रोपं घ्यायला गिऱ्हाईक येईना, कारण 'तापाच्या ऑफिसवाल्या मॅडमनी लिहून दिलंय' हे गल्लीभर झालं होतं. आणि मालकांना तर जागा कधीपासून रिकामी हवीच होती. घटस्थापनेच्या आत नर्सरी हलवा, अशी नोटीस त्यांनी माझ्या पत्राची प्रत जोडून पाठवली.

हे मला कळलं होतं, बरं का. वाईटही वाटलं. पण आतून मी स्वतःला सांगत होते, की रोगापुढे इलाज नाही, कुणाला तरी सोसावं लागतंच. माणूस स्वतःला किती छान समजावतो!

तीन आठवड्यांनी निंबाभाऊ कामावर आले. भिंतीला धरून धरून चालत होते. सकाळी मी व्हरांड्यातून जात होते तर हे टेबलापाशी झारी घेऊन नुसतेच उभे.

"काय झालं, निंबाभाऊ?"

ओशाळून म्हणाले, "मॅडम, मना गुडघा वाकस नही. आज तेवढं तुम्हीच टाका पाणी."

मी झारी घेतली आणि टेबलाखाली वाकले. विभागप्रमुख झाल्यापासून माझं वाकणं कमीच झालं होतं. पहिल्या वाटीत पाहिलं आणि तशीच गुडघ्यांवर बसून राहिले. वाटीत अळ्या होत्या. एक-दोन नव्हेत, वाटीभर. शेपटी वर, डोकं खाली, झारीची सावली पडल्याबरोबर वळवळत तळाशी पळणाऱ्या. हजारो वेळा पाहिलेल्या अळ्या, दुसऱ्यांच्या घरात. दुसरी वाटी बघितली, तिसरी, चौथी. चारही तशाच.

मला अजून आठवतं, की पहिली दोन-चार मिनिटं मला फक्त कुतूहल वाटलं. किती छान वाढल्यात, असंसुद्धा मनात आलं. शरम मागून आली. शिक्षणाने माणूस असा होतो.

मी भिंग आणून बघितलं. तरी खात्री हवी म्हणून अळ्या काचेच्या भांड्यात घालून वर जाळी बांधली. दोन दिवसांत त्यांतून डास निघाले. पायांवर पांढरे पट्टे.

मग सगळं आपोआप उलगडत गेलं. स्वच्छ पाणी ठेवा, आटू देऊ नका, हा माझाच हुकूम. वाट्या कधी रिकाम्या करून घासा, असं मी लिहिलंच नव्हतं, म्हणून वर्षानुवर्षं निंबाभाऊ, आणि ते आजारी असताना मुलं, फक्त वरून भर घालत राहिले. टेबलासमोर रोज तापाची माणसं बसत होती. आमचे डास त्यांना चावत होते आणि तो ताप घेऊन गल्लीत फिरत होते. आधी निंबाभाऊ, मग माझ्या मुली, मग भिंतीपलीकडे कल्पना. जिला आमच्या डासाने आजारी पाडलं, तिचाच आजार मी तिच्या घराविरुद्ध पुरावा म्हणून लावला होता. आणि सगळ्या गल्लीत आम्ही शोधलं, एक आमचं घर सोडून.

निंबाभाऊंना सांगितलं तेव्हा ते भिंतीवरच्या सूचनेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण मॅडम, नर्सरीच्या हौदात अळ्या राहतीलच कशा? तिथे गप्पी मासे आहेत. आपल्याच टाकीतले मी नेऊन दिले होते पुंजाबाभाऊंना, झाली असतील सात-आठ वर्षं." गप्पी मासे डासांच्या अळ्या मटामट खातात. त्यासाठीच विभागाच्या मागे आम्ही त्यांची टाकी ठेवली होती. पत्र लिहिताना निंबाभाऊ अंथरुणावर होते, आणि दुसऱ्या कुणाला विचारावं असं मला वाटलंच नव्हतं.

वाट्या त्याच दिवशी फेकल्या. काचा वाळवायला जाळीचं झाकण असलेली पेटी करून घेतली, अगदी साधी. ती आधीही करता आली असती.

आमचे वरिष्ठ भले गृहस्थ. ते म्हणाले, "अहो, एवढं सगळं कशाला लिहिताय? 'पुनर्पाहणीत काही बदल आढळले' असं लिहा. विभागाचं नाव जाईल." मी म्हटलं, "सर, ज्यांचं जायचं त्यांचं गेलंय. आता आपली पाळी." मी दुसरं पत्र लिहिलं, त्यात वाट्याही लिहिल्या आणि माझी सूचनाही. एक प्रत मालकांना पाठवून फोन केला. मालक रोखठोक माणूस. म्हणाले, "ठीक आहे, मॅडम. पण माझ्याकडे तुमचीच दोन पत्रं आहेत. एक म्हणतं दोषी, एक म्हणतं निर्दोष. हौदांत आज डास नाहीत, एवढं स्वतः बघून लिहून द्या. नोटीस मागे घेतो."

स्वतः बघून. ते शब्द झोंबलेच. पण काम सोपं होतं. मी तशीच उठले आणि ती शंभर पावलं चालत गेले.

पुंजाबाभाऊ रिकाम्या कुंड्या रचत होते. कल्पना ओट्यावर बसली होती, दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ताप तुमच्याकडून नाही आला, आमच्याकडून आला, माझं पत्र चुकीचं होतं, मी न बघता लिहिलं, मला माफ करा. पुंजाबाभाऊ म्हणाले, "बसा मॅडम."

"आता हौद बघते आणि लगेच लिहून देते," मी म्हटलं. पिशवीतून लांब दांड्याचा पांढरा डाव काढला, पांढऱ्यावर अळी चटकन दिसते म्हणून आम्ही तोच वापरतो, आणि हौदात बुडवून वर घेतला.

डावात सात अळ्या होत्या.

पुन्हा बुडवला. पुन्हा तेच. दुसऱ्या हौदात गेले, तिथे जास्तच.

"काय वो, मॅडम?" पुंजाबाभाऊंनी विचारलं.

मी डाव तसाच धरून राहिले. त्यांनीच डावात पाहिलं आणि त्यांना कळलं. "ऑइलनं मासे समदे मेले ना," ते हळूच म्हणाले. "मंग हौद उपसला, साबणानं घासला, नवं पाणी भरलं. आता हे खायाला कोण हाय त्यात?"

म्हणजे पत्र लिहिलं तेव्हा ते खोटं होतं. माझ्या पत्रानेच ते खरं केलं.

पुंजाबाभाऊ माझ्याजवळ आले. या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. म्हणाले, "मॅडम, तीस वर्सं झाली इथं. तुमी फकस्त लिवा की हौद साफ हाय. उद्या मी मासे आणून सोडतो, आठ दिसांत साफ व्हईलच. कोन बघाया येतंय?"

खरं सांगते, माझा हात पेनाकडे गेला होता. चूक माझी, भरपाई माझी, एक ओळ लिहिली तर माणसं वाचतात. कोण बघायला येणार होतं? पण मालक उद्या दुसऱ्या कुणाला पाठवतील, त्याला हेच दिसेल, आणि मग माझी तिन्ही पत्रं कचऱ्यात आणि ही माणसं रस्त्यावर. शिवाय, का खोटं बोलू, मला डोळ्यांनी दिसत असलेली अळी 'नाही' म्हणून लिहिता येईना. एकदा न दिसलेली 'आहे' म्हणून लिहिली होती, तेवढं पुरे होतं.

तेवढ्यात कल्पना ओट्यावरून बोलली. पहिल्यांदाच. "मामा, नका त्यांच्या पाया पडू. मॅडम, जे हाय ते लिवा. पर समदं लिवा. मासे कशानं मेले ते बी."

मी तिथेच ओट्यावर बसून लिहिलं. दोन्ही हौदांत आज अळ्या आहेत. पूर्वी गप्पी मासे असल्यामुळे त्या नव्हत्या. मासे माझ्या पत्रामुळे ओतलेल्या ऑइलने मेले. आज मासे पुन्हा सोडत आहे. आठ दिवसांनी मी स्वतः पाहणी करीन. आणि पुंजाबाभाऊंना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी मान खाली घातली. त्यांना वाटलं, संपलं.

संध्याकाळच्या आत निंबाभाऊंनी बादलीभर मासे आणून हौदांत सोडले, एका हाताने भिंत धरून. मी मालकांना फोन केला. ते ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे मॅडम, तुम्ही दुसऱ्यांदा चूक कबूल करताय."

"नाही हो," मी म्हटलं, "ही पहिलीच आहे. अजून चालूच आहे ती."

पलीकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "आठ दिवस थांबतो. नवव्या दिवशी नाही."

त्या आठ दिवसांत मी रोज गेले. रोज डाव बुडवला. दुसऱ्या दिवशी पाच अळ्या, तिसऱ्या दिवशी चार, चौथ्या दिवशी परत पाच, आणि माझा जीव टांगणीला. सहाव्या दिवशी एक. पुंजाबाभाऊ बाजूला उभे राहून माझ्या तोंडाकडे बघायचे, डावाकडे नाही. आठव्या दिवशी मी दोन्ही हौदांत दहा-दहा वेळा डाव बुडवला. वीसही वेळा नुसतं पाणी. एक मासा मात्र डावात आला, पोट फुगलेला, खाऊन सुस्त झालेला. मी त्याला परत सोडलं, लिहून दिलं, सही केली. पुंजाबाभाऊंनी तो कागद घडी न घालता तसाच दोन्ही हातांत धरला आणि मालकांकडे निघाले. नोटीस मागे घेतली गेली. त्या वर्षीचा हंगाम मात्र गेला तो गेलाच.

ते गेल्यावर मी डाव धुऊन पिशवीत ठेवत होते. कल्पना समोर उभी होती.

"झालं?" तिने विचारलं. "एवढंच असतंय व्हय?"

"हो. एवढंच."

"पाच मिंटं बी नाय लागत."

"नाही लागत."

"मंग तव्हाच का नाय आलात?"

मोठमोठ्या परिषदांत मला लोकांनी आडवेतिडवे प्रश्न विचारले आहेत आणि मी सगळ्यांना पुरून उरले आहे. इथे खरं तेच सांगितलं. म्हटलं, "कल्पना, मला वाटलं, मला ठाऊकच आहे."

ती यावर रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने नुसती मान हलवली. मग ओट्याखालच्या रिकाम्या टोपलीकडे बघून म्हणाली, "तेवढी टोपली डोक्यावर द्या मॅडम. बोटं मिटत नायत अजून."

मी वाकले आणि टोपली उचलून तिच्या डोक्यावर ठेवली.